सलाईनच्या बाटलीमागचं दुखणं

धानाची रोवणी आटोपली की भंडारा जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांसमोर रांगा वाढतात. कुणाची कंबर धरलेली, कुणाच्या पायाला चिखल्या, कुणाच्या अंगात कणकण. पण याच रांगेत काही बाया बारा महिने दिसतात. त्यांचं गाऱ्हाणं दर खेपेला वेगळं असतं: छातीत धडधड, हातपाय गळणं, रात्र रात्र झोप न लागणं. सलाईन लागते, ताकदीचं इंजेक्शन मिळतं, आणि महिनाभरात बाई पुन्हा रांगेत उभी राहते. बरीच वर्षं या विषयावर वाचत आणि गावोगाव फिरत आलो, तसं माझं मत पक्कं होत गेलं. यांतल्या कितीतरी जणींना नैराश्य किंवा चिंतेचा आजार असतो आणि त्याबद्दल त्यांना कुणी विचारतच नाही.

बंगळूरच्या निमहान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. महाराष्ट्र त्यात नव्हता. आपले शेजारी मध्य प्रदेश आणि छत्तीसगड मात्र होते. साधारण वीस प्रौढांमागे एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा नैराश्य गाठतं आणि नैराश्य असलेल्या शंभरांपैकी ८५ जण उपचारांविना राहतात, असं त्यातून दिसलं. सर्वेक्षणाच्या वेळी नैराश्यात असलेल्यांचं प्रमाण २.७ टक्के होतं. २०११ च्या जनगणनेत भंडाऱ्याची लोकसंख्या बारा लाख होती. त्यातले प्रौढ आठ लाख धरून हेच प्रमाण लावलं, तर वीस हजारांहून जास्त माणसं होतात. हा अंदाज झाला, पण तो ऐकून झोप उडायला हवी.

सरकारी बाजू थोडक्यात सांगतो. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा, त्याची जिल्हा शाखा १९९६ पासूनची, मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, आणि टेलि-मानस ही फोनसेवा २०२२ ची. नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय तर इंग्रजांच्या काळापासून आहे. भंडाऱ्याहून ते साठेक किलोमीटर. जिल्ह्याच्या टोकाला असलेल्या लाखांदूरच्या बाईसाठी ते अंतर किती होतं, हे एसटीच्या वेळापत्रकाला आणि बुडालेल्या मजुरीला विचारावं.

एक गोष्ट मात्र मला सलते. शेतकरी आत्महत्यांमुळे राज्य सरकारने २०१५ मध्ये शेतकऱ्यांना मानसिक आधार देणारा प्रेरणा प्रकल्प सुरू केला, तो चौदा जिल्ह्यांत. मराठवाड्याचे आठ, पश्चिम विदर्भाचे सहा. भंडारा त्यांत बसला नाही, कारण आमचा जिल्हा तळ्यांचा, वैनगंगेचा, धानाचा, म्हणजे सुखी. पण २०१७ साली तुडतुड्याने उभं धान वाळवलं तेव्हा बांधीच्या धुऱ्यावर बसून राहिलेली माणसं मी पाहिली आहेत. धान विकूनही चुकारे महिनोन्‌महिने न आलेली घरं पाहिली आहेत. गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गाव गेलं आणि पुनर्वसनाच्या प्लॉटवर ज्यांना अजून करमत नाही, अशी म्हातारी माणसं पवनी तालुक्यात भेटतात. आत्महत्यांच्या आकड्यांवरून जिल्हे निवडणं मला मुळातच पटत नाही. नैराश्याने माणूस मेला तरच ते मोजायचं का?

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला, त्या अमरावतीच्या ‘विश्राम’कडे येतो. संगाथ या संस्थेच्या पुढाकाराने अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत हे काम झालं. रचना साधी होती. गावातलीच आरोग्य कार्यकर्ती घरोघर जाऊन बोलणार, ताण ओळखणार. जास्त त्रास असलेल्याला प्रशिक्षित समुपदेशक भेटणार. त्यानेही भागलं नाही तर ग्रामीण रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ. नैराश्य असलेल्यांपैकी आधी जेमतेम ४.३ टक्के लोक मदत घेत होते. अठरा महिन्यांनी ते प्रमाण २७.२ टक्के झालं. मनात आत्महत्येचे विचार आल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आलं. २०१७ मध्ये हे निष्कर्ष लॅन्सेटच्या मानसोपचार नियतकालिकात छापून आले. अमरावतीत जमलं ते भंडाऱ्यात न जमायला काय कारण आहे?

समुपदेशक करतो तरी काय, असं मला नेहमी विचारतात. याच संस्थेने गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत केलेला प्रयोग त्यासाठी समजून घ्यावा; माझा तो सर्वांत आवडता. समुपदेशक होते मानसशास्त्राचं कुठलंही शिक्षण नसलेले, पण नीट तयार केलेले सामान्य लोक. सहा ते आठ भेटी, प्रत्येकी अर्धा-पाऊण तास. मन उदास झालं की माणूस एकेक गोष्ट सोडतो: शेजारी जाणं, भजनाला बसणं, परसात हात घालणं. सोडलं की उदासी आणखी वाढते. हे चक्र समुपदेशक उलटं फिरवतो. मन बरं होण्याची वाट न पाहता या आठवड्यात एक लहानशी गोष्ट करायची, आणि ती रोग्यानेच निवडायची. पुढच्या भेटीत ती झाली का, झाली तर कसं वाटलं, नाही तर काय आडवं आलं, यावर बोलायचं. घरच्या माणसालाही सोबत घ्यायचं. तीन महिन्यांनी समुपदेशन घेतलेल्यांतले ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आलेले होते. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत ३९ टक्के.

पण त्याआधी आजार ओळखावा लागतो. लाखांदूर तालुक्यात एका आशाताईसोबत एका घरी गेलो होतो. घरच्या मावशींनी साडीच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी पुढे केली. आत कार्डिओग्राम, सोनोग्राफी, रक्ताचे रिपोर्ट, घडी घालून घालून चिरलेले. सगळे नॉर्मल. त्यापायी दोन बकऱ्या विकलेल्या. “मले काईच नाई झालं मनते डाक्टर. मंग छातीवर जातं ठेवल्यावानी काऊन वाटते?” आशाताईने नऊ प्रश्नांचा कागद काढला. मागच्या पंधरा दिवसांत कामात मन लागलं का, झोप कशी, भूक कशी, असे ते प्रश्न. मावशी भरभर सांगत गेल्या. नववा प्रश्न मरणाच्या विचाराचा. तिथे त्या थांबल्या, पदर बोटाला गुंडाळत राहिल्या, मग म्हणाल्या, “हे त मले आजपावतर कोनीच नाई इचारलं, पोरी.” असं विचारल्याने नको ते डोक्यात येतं, ही भीती निराधार आहे. उलट विचारल्याने माणूस मोकळा होतो.

औषधांबद्दलही सांगायला हवं. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरं वाटल्यावरही त्या काही महिने चालू ठेवाव्या लागतात. आपल्याकडे आठ दिवसांत ‘फरक नाही’ म्हणून गोळी बंद होते. दुसरीकडे अल्प्राझोलामसारखी झोपेची गोळी वर्षानुवर्षं दुकानातून आणली जाते. तिची सवय लागते आणि मूळ आजार तसाच राहतो. पुरुषांचं दुखणं तर दारूमागे दडतं. अशा माणसाला लोक बेवडा म्हणतात, आजारी कुणी म्हणत नाही.

दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत मंडई, म्हणजे गावची जत्रा, सुरू होईल. गावोगाव दंडार हे लोकनाट्य उभं राहील, लेकी माहेरी येतील, घरं पाहुण्यांनी भरतील. आजार ओळखायला याहून चांगली वेळ मला सुचत नाही. दरवर्षी मंडईला नटून येणारी वहिनी यंदा आतल्या खोलीतून बाहेर आली नाही, दंडारीत पहाटेपर्यंत बसणारा भाऊ जेवूनच झोपला, तर ‘आळशी झाला’ म्हणून सोडू नका. जवळ बसून विचारा. आमच्या दंडारींनी दारू, हुंडा, अंधश्रद्धा हे विषय मंचावर आणले. वडसा-देसाईगंजच्या नाटक मंडळ्यांचे प्रयोग हजारो माणसं रात्रभर पाहतात. आशाताईच्या कागदावरचे ते नऊ प्रश्न एका प्रवेशात आले तर कुठल्याही भिंतीवरच्या पोस्टरपेक्षा दूर पोचतील, असं मला मनापासून वाटतं. लेखक मंडळींनी हे मनावर घ्यावं.

आणि वाचकांना एवढंच मागणं आहे. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास चालतो. तो घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. येत्या ग्रामसभेत उभं राहून विचारा, आपल्या आरोग्य केंद्रात मनाच्या आजाराची तपासणी कोणत्या वारी होते, समुपदेशक कधी येतो आणि गोळ्या शिल्लक आहेत का. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या आणि पुढच्या सभेत पुन्हा विचारा.