विश्लेषण : मालक आहे, मैदान आहे, पण खेळाडूच नाहीत! नवा संघ शून्यातून कसा उभा राहतो?

बुलढाणा : गावातली टेनिस बॉल क्रिकेटची 'प्रीमियर लीग' आता कुणाला नवी राहिलेली नाही. संघमालक ठरतात, प्रत्येकाला ठरावीक पॉइंट मिळतात आणि मग मंडपात खेळाडूंचा लिलाव सुरू होतो. पहिल्या दोन नावांवर निम्मे पॉइंट उडवणारा मालक शेवटी अकरावा गडी शोधत फिरतो, हे दृश्यही ओळखीचे आहे. गंमत म्हणजे कोट्यवधी रुपयांच्या व्यावसायिक लीगमध्ये नव्याने उतरणाऱ्या क्लबपुढेही नेमका हाच पेच असतो.

सध्या हा पेच ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटावर सुटतो आहे. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलच्या सर्वोच्च लीगने, म्हणजे एएफएलने, ३ मे २०२३ रोजी टास्मानियाला १९व्या संघाचा परवाना दिला. 'टास्मानिया डेव्हिल्स' हा संघ २०२८ मध्ये लीगमध्ये उतरणार आहे. परवाना आणि पहिला सामना यांच्यात तब्बल पाच वर्षे. महाराष्ट्रात मात्र एक संघ अवघ्या चार महिन्यांत उभा राहिला होता. दोन्हींची गणिते समजून घेऊया.

ऑस्ट्रेलियात नव्या क्लबला खेळाडू कुठून मिळतात?

लंबगोल चेंडू, लंबगोल मैदान आणि एका बाजूला १८ खेळाडू, असा हा खेळ. दुखापती भरपूर होतात, त्यामुळे क्लबला ४०च्या आसपास खेळाडू सांभाळावे लागतात. तिथे आयपीएलसारखा लिलाव नसतो, 'ड्राफ्ट' असतो. शाळा-कॉलेजच्या वयातले नवे खेळाडू एका यादीत येतात आणि क्लब आळीपाळीने एकेक नाव निवडतात. गुणतक्त्यात जो तळाशी, त्याला निवडीचा मान आधी. शिवाय पगारावर एकूण मर्यादा असल्याने श्रीमंत क्लबला सगळे तारे गोळा करता येत नाहीत.

नव्या क्लबला यात सवलत मिळते. २०११ मध्ये गोल्ड कोस्ट सन्स आणि २०१२ मध्ये ग्रेटर वेस्टर्न सिडनी (जीडब्ल्यूएस) हे दोन संघ आले, तेव्हा त्यांना ड्राफ्टमधले वरचे बरेच क्रमांक देण्यात आले. जुन्या क्लबांतले करार संपलेले खेळाडू थेट घेण्याची मुभाही मिळाली. गोल्ड कोस्टने जीलॉन्ग क्लबचा मोठा तारा गॅरी अ‍ॅब्लेट (ज्युनियर) कर्णधार म्हणून आणला. लोकांचे लक्ष वेधण्यासाठी रग्बी लीगमधून कारमायकेल हंटला आणले. बाकी संघ मात्र बहुतांशी पोरसवदा.

निकाल? गोल्ड कोस्टने पहिलाच सामना ११९ गुणांनी गमावला. पहिल्या हंगामात त्यांना ३ विजय मिळाले, तर पुढच्या वर्षी जीडब्ल्यूएसला २. दोन्ही संघ आपापल्या पहिल्या हंगामात शेवटच्या स्थानी राहिले.

मग तो प्रयोग फसला का?

पहिल्या वर्षाकडे पाहिले तर हो. पण १८ वर्षांची मुले २५ वर्षांची झाल्यावर चित्र बदलते. जीडब्ल्यूएसने २०१९ मध्ये अंतिम फेरी गाठली. त्या सामन्यात रिचमंडने त्यांना ८९ गुणांनी धुतले, ही गोष्ट वेगळी. गोल्ड कोस्टला मात्र बाद फेरीत पहिल्यांदा पोहोचायला २०२५ उजाडले. म्हणजे १५वा हंगाम. सवलती जवळपास सारख्याच, वेळही एकच, तरी दोन क्लबांच्या वाटा वेगळ्या झाल्या. मुले निवडणे सोपे, त्यांना टिकवणे आणि घडवणे अवघड, हा त्यातला धडा.

पुण्याचा आयपीएल संघ चार महिन्यांत कसा उभा राहिला?

आता आपल्याकडचे उदाहरण. जुलै २०१५ मध्ये लोढा समितीने चेन्नई सुपर किंग्ज आणि राजस्थान रॉयल्स यांच्यावर दोन वर्षांची बंदी घातली. रिकाम्या जागी दोन वर्षांपुरते दोन नवे संघ हवे होते. डिसेंबर २०१५ मध्ये उलट बोली झाली. म्हणजे बीसीसीआयच्या मध्यवर्ती उत्पन्नातून सर्वात कमी पैसे मागेल, त्याला संघ. उद्योगपती संजीव गोयंका यांच्या कंपनीने तर उणे १६ कोटींची बोली लावली. आम्हाला काही नको, उलट आम्हीच वर्षाला १६ कोटी देतो, असा त्याचा अर्थ. राजकोटचा संघ उणे १० कोटींना गेला.

बोली सर्वात कमी असल्याने पहिल्या निवडीचा मान पुण्याला मिळाला. १५ डिसेंबर २०१५ रोजी चेन्नई आणि राजस्थानच्या खेळाडूंचा ड्राफ्ट झाला. पुण्याने निवडलेली पाच नावे आणि त्यांच्या ठरलेल्या किमती अशा :

• महेंद्रसिंह धोनी : १२.५ कोटी
• अजिंक्य रहाणे : ९.५ कोटी
• रविचंद्रन अश्विन : ७.५ कोटी
• स्टीव्ह स्मिथ : ५.५ कोटी
• फाफ डू प्लेसिस : ४ कोटी

बेरीज होते ३९ कोटी. एकूण खर्चाची मर्यादा होती ६६ कोटी. म्हणजे पाच जणांवर जवळपास ६० टक्के पैसे संपले आणि उरलेला अख्खा संघ २७ कोटींत बसवायचा होता.

उरलेल्या २७ कोटींत काय आले?

६ फेब्रुवारी २०१६ रोजी बंगळुरूत लिलाव झाला. मिचेल मार्शला ४.८ कोटी, इशांत शर्माला ३.८ कोटी, केविन पीटरसनला ३.५ कोटी. सगळ्यात जास्त चर्चा झाली लेगस्पिनर मुरुगन अश्विनची. १० लाखांच्या मूळ किमतीवरून त्याची बोली थेट ४.५ कोटींवर गेली. अ‍ॅडम झम्पा मात्र ३० लाखांत आणि दीपक चहर १० लाखांत मिळाला.

कागदावर संघ भक्कम होता. मैदानावर पीटरसन, डू प्लेसिस, स्मिथ आणि मार्श हे चौघेही दुखापतींमुळे हंगाम अर्धवट सोडून घरी गेले. महागड्या खेळाडूंच्या मागे त्याच तोडीचे राखीव खेळाडू नसतील, तर काय होते हे लगेच दिसले.

त्यात भर पडली दुष्काळाची. मराठवाडा आणि विदर्भ पाण्यासाठी तडफडत असताना खेळपट्ट्यांवर पाणी मारण्याचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला. ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर हलवण्याचा आदेश झाला. १ मेच्या एका सामन्याची सवलत वगळता पुण्याचे उरलेले घरचे सामने विशाखापट्टणमला गेले. नव्या संघाला प्रेक्षक जोडायचे असतात, इथे तर घरच सुटले. विशाखापट्टणमला झम्पाने हैदराबादविरुद्ध १९ धावांत ६ बळी घेतले, तरी पुणे ४ धावांनी हरले. १४ सामन्यांत ५ विजय आणि आठ संघांत सातवे स्थान, असा पहिला हंगाम संपला.

दुसऱ्या वर्षी काय बदलले?

२०१७ मध्ये कर्णधारपद धोनीकडून स्मिथकडे गेले. बेन स्टोक्ससाठी १४.५ कोटी मोजले गेले आणि तो स्पर्धेतला सर्वात मौल्यवान खेळाडू ठरला. पण खरी कमाई यादीच्या तळाशी होती. महाराष्ट्राकडून खेळणारा राहुल त्रिपाठी १० लाखांत आला आणि त्याने ३९१ धावा केल्या. जयदेव उनाडकट ३० लाखांत आला, त्याने २४ बळी घेतले. लिलावात कुणीच न घेतलेला इम्रान ताहिर मार्शच्या जागी बदली म्हणून आला आणि मुख्य फिरकीपटू झाला.

२१ मे २०१७ रोजी हैदराबादला अंतिम सामना झाला. मुंबईच्या १२९ धावा, पुण्याच्या १२८. एका धावेने चषक हुकला. त्यानंतर चेन्नई आणि राजस्थान परतले आणि पुण्याचा संघ विसर्जित झाला. क्लबचे आयुष्यच दोन वर्षांचे असेल, तर १८ वर्षांच्या मुलावर पैसे कोण लावणार? म्हणूनच पुण्याने तयार खेळाडू घेतले. टास्मानियाचा हिशेब नेमका उलटा आहे.

कबड्डीत महाराष्ट्राच्या दोन संघांनी काय केले?

मे २०१४ मध्ये मुंबईत प्रो कबड्डीचा पहिला लिलाव झाला. पाटण्याने राकेशकुमारला १२.८ लाख रुपयांना घेतले, ती त्या दिवसाची सर्वात मोठी बोली. महाराष्ट्राचे दोन संघ होते : यू मुंबा आणि पुणेरी पलटण.

यू मुंबाने अनुपकुमारला केंद्रस्थानी ठेवले. चढाईला तो, पकडीला मोहित छिल्लर आणि सुरेंदर नाडा यांची जोडी, असा समतोल जमला. पहिल्या हंगामात अंतिम फेरीत जयपूरकडून २४-३५ अशी हार झाली, दुसऱ्या हंगामात विजेतेपद. पुणेरी पलटण मात्र पहिल्या दोन्ही हंगामांत तळाशी.

पण गोष्ट इथे संपत नाही. पुढे पलटणने तरुण खेळाडू घडवण्यावर भर दिला. प्रो कबड्डीत 'न्यू यंग प्लेयर' अशी सोय आहे. लिलावाच्या बाहेरून क्लबला नव्या मुलांशी थेट करार करता येतो. अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार आणि हरयाणाचा मोहित गोयत याच वाटेने आले. त्यांच्या जोडीला २०२३च्या लिलावात इराणच्या मोहम्मदरझा शादलूईवर २.३५ कोटी खर्च झाले. १ मार्च २०२४ रोजी पलटणने हरयाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पहिल्यांदा चषक जिंकला. कर्णधार होता अस्लम आणि हंगामाचा सर्वात मौल्यवान खेळाडूही तोच.

बुलढाण्याच्या मुलामुलींना यातून काय घेता येईल?

नव्या संघाच्या यादीतली पहिली पाच नावे तिकिटे विकतात. छोट्या जिल्ह्यातल्या खेळाडूचा दरवाजा मात्र यादीच्या शेवटी, मूळ किमतीच्या रकान्यात असतो. तिथे पोहोचायचे मार्ग ठरलेले आहेत.

• क्रिकेट : बुलढाणा जिल्हा विदर्भ क्रिकेट संघटनेच्या कक्षेत येतो, पुण्यातल्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या नाही. त्यामुळे वाट नागपूरमार्गे जाते. अमरावतीच्या जितेश शर्माला २०१६ मध्ये मुंबईने १० लाखांत घेतले, पण एकही सामना मिळाला नाही. २०२२ मध्ये पंजाबने २० लाखांत घेतले आणि तो खेळला. २०२५च्या हंगामासाठी बंगळुरूने त्याच्यासाठी ११ कोटी मोजले आणि त्या वर्षी संघ विजेताही झाला.

• कबड्डी : शालेय स्पर्धांची शिडी तालुका, जिल्हा, अमरावती विभाग, राज्य अशी आहे. कबड्डीतही विदर्भाचा संघ राष्ट्रीय स्पर्धेत स्वतंत्र उतरतो. 'न्यू यंग प्लेयर'साठी क्लबांची नजर अशाच वयोगटांवर असते.

• तिरंदाजी : बुलढाण्याच्या प्रथमेश जावकारने मे २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषकात नेदरलँड्सच्या माइक श्लोएसरला १४९-१४८ असे हरवून सुवर्ण जिंकले. ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्लीत तिरंदाजीचीही लीग झाली. सहा संघ, ३६ भारतीय आणि १२ परदेशी तिरंदाज. म्हणजे संघात आठच जागा, त्यातल्या सहा भारतीयांना. इथे शेवटचा रकाना फारच छोटा आहे.

थोडक्यात

नव्या संघापुढे पहिला प्रश्न 'कुणाला घ्यायचे' हा नसतो. 'किती वर्षे थांबायची तयारी आहे' हा असतो. दोन वर्षे हातात असतील, तर पुण्याच्या आयपीएल संघासारखे तयार तारे घ्यावे लागतात. दहा वर्षे असतील, तर पलटणसारखी मुले घडवता येतात, पण मधली हारही पचवावी लागते. २०२८ मध्ये टास्मानियाचा संघ मैदानात उतरेल, तेव्हा पहिल्या सामन्याचा निकाल काहीही लागो, बाकावर १८-१९ वर्षांची किती मुले बसली आहेत, ते मोजायला हवे.