मऊ पडलेला चिवडा आणि मातीची कौलं

गेल्या पावसाळ्यात मी मोठ्या हौसेनं कुजणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत चिवडा भरून ठेवला. चार दिवसांत तो मऊ! सासूबाई म्हणाल्या, "अगं, आपला डबाच बरा." मी मात्र शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना गाठलं.

मैत्रिणींनो, अशा प्लॅस्टिकचा एक प्रकार म्हणजे पीएलए. तो मक्याच्या स्टार्चपासून किंवा उसाच्या साखरेपासून करतात. गुण पुष्कळ, पण हवेतला दमटपणा त्यातून आत शिरतो. यावर शास्त्रज्ञांनी उपाय शोधला तो चिकणमातीचा! तिचे जेमतेम १ नॅनोमीटर जाडीचे पापुद्रे त्यात मिसळायचे. आपला केस याच्या हजारो पट जाड असतो. हे पापुद्रे कौलांसारखे पसरले, की दमटपणाला सरळ वाट मिळत नाही. वळसे घेत जावं लागतं. झिंक ऑक्साइडचे असेच बारीक कण घातले, तर जंतूंची वाढही रोखता येते.

पण हे कण अन्नात उतरत नाहीत ना, हे प्रत्येक वेष्टनासाठी तपासावंच लागतं. आणखी एक. पीएलए परसातल्या खड्ड्यात सहजी कुजत नाही. त्याला मोठ्या खतप्रकल्पातली ६० अंशांच्या आसपासची ऊब लागते. तेव्हा पिशवीवरचा मजकूर वाचल्याशिवाय ती ओल्या कचऱ्यात टाकू नका.

आणि चिवडा? तो तूर्त घट्ट झाकणाच्या डब्यातच. सासूबाई जिंकल्या!