लक्झेंबर्गला उतरताय? तिकीट शोधू नका!

परवा भाचीचा विमानतळावरून फोन आला, "मामा, ट्रामचं तिकीट कुठे काढायचं? मशीनच दिसत नाही!" म्हटलं, सगळ्यांसाठीच लिहितो.

लक्झेंबर्गमध्ये 2020 पासून बस, ट्राम आणि रेल्वेचा सेकंड क्लास सगळ्यांना मोफत आहे, पर्यटकांनाही. फक्त रेल्वेच्या फर्स्ट क्लासला पैसे पडतात.

फिंडेल विमानतळ शहरापासून सहाएक किलोमीटरवर. छोटा, सुटसुटीत. भारतातून थेट विमान नाही. फ्रँकफर्ट किंवा पॅरिसमार्गे आलात तर पासपोर्टची तपासणी तिथेच होते, कारण तेही शेंगेनमध्येच. त्यामुळे तिथे विमान बदलायला हाताशी भरपूर वेळ ठेवा. फिंडेलला मग बॅग घ्यायची आणि बाहेर पडायचं.

ट्राम विमानतळापर्यंत आली मार्च 2025 मध्ये. साधारण अर्ध्या तासात गावात. जुनं शहर बघायचं असेल तर हामिलियसला उतरा, पुढची गाडी पकडायची असेल तर गार सेंत्रालला.

माझा आवडता थांबा मात्र मधला, लाल पुलाजवळचा. तिथून एक फ्युनिक्युलर, म्हणजे उतारावरची रेल्वे, खाली दरीतल्या पफाफेन्थालला जाते. तीही फुकट! सामान हलकं असेल तर नक्की उतरा. काचेतून दरी उलगडत जाते, ते बघून मी लगेच दुसरी फेरी मारली होती.

एक लक्षात ठेवा. मोफत प्रवास देशाच्या हद्दीपुरताच. ट्रिअर किंवा मेत्झला जायचं तर पुढचं तिकीट आधी काढा.

काही अडलं तर खाली विचारा, नक्की सांगेन.