शिकाऊ डॉक्टर : भीती किती, आधार किती?

“सिव्हिलला नेऊ नका, तिथे शिकाऊ पोरे हात लावतात,” हे वाक्य आपल्याकडे घरोघरी ऐकू येते. पेशंटला गाडीत घातल्यावर शेजारपाजारचे कोणी तरी ते हमखास बोलते आणि घरची माणसे ऐन वेळी गोंधळतात. गेल्या काही वर्षांत जळगाव, नंदुरबार, सातारा, अलिबाग अशा जिल्ह्याच्या ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये निघाली आणि तिथली जिल्हा रुग्णालये त्यांना जोडली गेली. पूर्वी मुंबई-पुण्याच्या पेशंटना पडणारा प्रश्न आता आपल्या दारात आला आहे. माझी बरीच वर्षे विद्यार्थ्यांना घेऊन वॉर्डात खाटांमधून फिरण्यात गेली. त्या अनुभवावरून या भीतीत खरे किती आणि गैरसमज किती, ते आज पाहू.

खाटेजवळची शाळा

वैद्यक हे नुसते पुस्तक वाचून येणारे शास्त्र नाही. मलेरियात वाढलेली पाणथरी बोटांना कशी लागते, न्यूमोनियाच्या पेशंटच्या छातीत कसा आवाज येतो, हे चित्र पाहून कळत नाही. म्हणूनच महाविद्यालय आणि रुग्णालय ही जोडी पहिल्यापासून चालत आली आहे. मुंबईत १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले ते जे. जे. रुग्णालयाच्या जोडीनेच. पुण्यात ससून रुग्णालयाला जोडून १८७८ साली वैद्यकीय शाळा निघाली आणि १९४६ साली तिचे बी. जे. मेडिकल कॉलेज झाले.

राज्यातील बहुतेक महाविद्यालयांचे हे शिक्षण आज नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे आहे. १९९८ साली हे विद्यापीठ स्थापन झाले. त्याआधी ही महाविद्यालये मुंबई, पुणे, नागपूर अशा त्या त्या भागातील विद्यापीठांकडे विभागलेली होती. आता एमबीबीएसबरोबर दंतवैद्यक, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी, नर्सिंग आणि फिजिओथेरपी यांच्या परीक्षा व पदव्या या एकाच विद्यापीठाकडून होतात. एमबीबीएसच्या अभ्यासक्रमाचा आराखडा मात्र दिल्लीचा राष्ट्रीय वैद्यकीय आयोग ठरवतो.

पांढऱ्या कोटात कोण कोण?

पेशंटच्या दृष्टीने पांढरा कोट घातलेला प्रत्येक तरुण ‘शिकाऊ’च. पण त्यांच्यात मोठा फरक आहे.

पहिला विद्यार्थी. एमबीबीएसचा अभ्यास साडेचार वर्षांचा असतो. पहिल्या वर्षी शरीराची रचना आणि कार्य शिकायचे, पुढे वॉर्डात यायचे. हा तुमची हकीकत विचारतो, नाडी पाहतो, पोट तपासतो. तो तुमचे औषध ठरवत नाही. २०१९ पासून लागू झालेल्या नव्या अभ्यासक्रमात इंजेक्शन देणे, टाके घालणे यांसारख्या गोष्टी आधी पुतळ्यावर गिरवून घेतात. कोणते काम कोणाच्या देखरेखीखाली केले, याची नोंद वहीत करून शिक्षकाची सही घ्यावी लागते.

दुसरा इंटर्न. सगळ्या परीक्षा पास झाल्यावर त्याला एक वर्ष वेगवेगळ्या विभागांत आणि काही काळ ग्रामीण केंद्रात काम करावे लागते. तो रक्त काढतो, सलाईन लावतो, ड्रेसिंग करतो. पण वरिष्ठांच्या हाताखाली. आजारपणाचा दाखला, मृत्यूचा दाखला किंवा पोलीस केसचे कागद स्वतःच्या सहीने देण्याची त्याला परवानगी नाही. असा कागद हाती पडला तर सही कोणाची आहे ते पाहून घ्या.

तिसरा निवासी डॉक्टर. रात्री दोन वाजता धावत येणारा, डोळे तारवटलेला ‘पोरगा’ बहुधा हाच असतो. हा पूर्ण पदवीधर डॉक्टर असून एमडी किंवा एमएसचा अभ्यास करत असतो. सरकारी दवाखान्याचा रात्रीचा भार याच्याच खांद्यावर असतो. २०२० च्या नियमानुसार त्याला शिक्षणातले तीन महिने जिल्हा पातळीवरील रुग्णालयात काढावे लागतात.

भीतीचे मूळ

शिकणाऱ्या हातांची भीती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. तिला इतिहासातला पुरावा आहे. व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात बाळंतपणाचे दोन विभाग होते. एकात विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी. विद्यार्थ्यांच्या विभागात बाळंतरोगाने कितीतरी जास्त बायका दगावत. विद्यार्थी प्रेतांची चिरफाड करून त्याच हातांनी बाळंतिणीला तपासतात, हे डॉ. सेमेलवाइस यांनी १८४७ साली ओळखले आणि क्लोरिनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. त्या वर्षी एप्रिलमध्ये शंभरातल्या अठरा बाळंतिणी दगावल्या होत्या. काही आठवड्यांत हे प्रमाण दोनच्या आसपास आले.

यातला धडा असा की, शिकवणे थांबवल्याने नव्हे, तर शिस्त लावल्याने जीव वाचले. म्हणून तपासायला येणाऱ्याला, मग तो विद्यार्थी असो की मोठा सर्जन, “हात धुतले का?” असे विचारायला लाजू नका. हा उद्धटपणा नाही.

पेशंटही गुरूच

आता दुसरी बाजू. अंतिम वर्षाच्या परीक्षेत खरा पेशंट विद्यार्थ्यासमोर ठेवतात. एका वर्षी आमच्याकडे हृदयाची झडप आकसलेले एक शेतकरी बाबा होते. लहानपणी सांधे सुजून आलेल्या तापाचा तो परिणाम. एक मुलगी छातीला नळी लावून बराच वेळ चाचपडत होती. घामाघूम झाली. बाबा हळूच म्हणाले, “बाई, मला डाव्या कुशीवर वळवा की. सगळे तसंच ऐकतात.” बाबांचे बरोबर होते. त्या आजाराचा आवाज डाव्या कुशीवर नीट ऐकू येतो. बाहेरून आलेल्या परीक्षकांनीही ते ऐकले आणि हसून मान फिरवली.

मी नंतर बाबांना विचारले, एवढी पोरे रोज तपासतात, त्रास होत नाही? ते म्हणाले, “होतो. पण जी विचारून हात लावतात त्यांचा नाही होत.” विद्यार्थ्यांच्या प्रत्येक नव्या तुकडीला मी हे सांगत आलो. सध्याच्या अभ्यासक्रमात पेशंटशी कसे बोलावे, संमती कशी घ्यावी हा विषयही रीतसर शिकवला जातो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्याला एक वर्ष सरकारी सेवेचे बंधन असते. आज सिव्हिलमध्ये तुमच्या वडिलांचे पोट तपासणारा मुलगा उद्या तुमच्याच तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एकटा बसलेला असेल. साप चावलेला माणूस, अडलेली बाळंतीण त्याच्यासमोर येईल. त्याने आधी वॉर्डात पेशंट पाहिले नसतील, तर पहिली चूक तिथे होईल. आणि तिथे सावरायला वर कोणी नसेल.

सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत, म्हणजे डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली सुरू केलेल्या महाविद्यालयात, प्रत्येक वर्षाची तुकडी एक गाव दत्तक घेते आणि तिथे राहून घरोघरी फिरते. २०२१-२२ पासून देशभरच्या एमबीबीएस विद्यार्थ्यांना काही कुटुंबांशी असे नाते जोडावे लागते. तुमच्या दारी अशी मुले आली तर त्यांना पाणी द्या आणि घरातल्यांचे रक्तदाब तपासून घ्या.

नकाराचा हक्क

शिकवण्यासाठी तपासू देणे ही पेशंटची मेहेरबानी आहे, सक्ती नाही. नाही म्हटल्यामुळे उपचार थांबवता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केले की, तपासणीसाठी दिलेली संमती शस्त्रक्रियेला लागू होत नाही. एका कामाची परवानगी म्हणजे सगळ्याची परवानगी नव्हे. स्त्रीला पुरुष डॉक्टर तपासत असताना दुसरी स्त्री हजर असावी, हाही पेशंटचा मान्य हक्क आहे.

दाखल होताना एवढे लक्षात ठेवा :

१. वॉर्डाचे प्रमुख डॉक्टर कोण, त्यांचे युनिट कोणते, हे पहिल्याच दिवशी विचारून लिहून ठेवा.

२. तपासायला आलेल्याला “आपण कोण? विद्यार्थी की डॉक्टर?” असे सरळ विचारा.

३. पोट दुखत असताना चार-पाच जणांनी पाठोपाठ दाबू नये. “आता पुरे, नंतर या,” असे सांगा. अडचण आली तर सिस्टरना सांगा.

४. सुई दोनदा चुकली तर वरिष्ठांना बोलवायला सांगा. त्यात कोणाचा अपमान नाही.

५. हकीकत सांगताना काही लपवू नका. विद्यार्थ्याला वेळ असतो, तो अर्धा तास बसून ऐकतो. मोठ्या डॉक्टरांच्या घाईत राहून गेलेली गोष्ट, जुनी अॅलर्जी किंवा घरात चालू असलेले झाडपाल्याचे औषध, अनेकदा त्याच्याच वहीत सापडते.

६. तुम्हाला बरे वाटत असेल आणि मुलाने नम्रपणे विचारले, तर होकार द्या.