गाढवाचे पाय धरताना

‘अडला हरी गाढवाचे पाय धरी’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. या म्हणीत सगळी कणव आहे ती हरीबद्दल. गाढवाच्या पायांची विचारपूस तिने केलेली नाही. आज ती आपण करू.

बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयाच्या फाटकाशी एक बेवारशी, लंगडं गाढव येऊन उभं राहिलं. आम्ही दोघातिघांनी त्याला सावलीत बांधलं, पाणी ठेवलं, पुढ्यात गवताची पेंढी टाकली. ते ओरडलं नाही, त्यानं लाथही झाडली नाही. ‘सुटलं बिचारं!’ असं म्हणून आम्ही समाधानानं घरी गेलो. चौथ्या दिवशी ते मेलं. पेंढी जवळजवळ तशीच पडली होती. त्याच्या शांतपणाचा अर्थ मला पुढे वाचनातून कळला.

गाढव माणसाळलं ते सुमारे ७,००० वर्षांपूर्वी, आफ्रिकेत. त्याचे रानटी पूर्वज रुक्ष, खडकाळ मुलुखात राहत. चारा विरळ, म्हणून मोठे कळप नाहीत. संकट दिसलं की घोडा उधळतो. गाढव आधी जागच्या जागी थांबून अंदाज घेतं. यालाच आपण हट्ट म्हणतो. दुखणंही ते फारसं दाखवत नाही. त्यामुळे मुकाट उभं असलेलं गाढव बरं आहे असं समजणं धोक्याचं असतं.

त्याहून मोठा धोका पोटात असतो. दुखण्यानं, प्रवासानं किंवा सोबती दुरावल्यानं गाढवानं खाणं टाकलं, की त्याचं शरीर साठवलेली चरबी रक्तात सोडू लागतं. ती वाजवीपेक्षा जास्त झाली की यकृत आणि मूत्रपिंडं निकामी होतात आणि जनावर थोड्याच दिवसांत दगावतं. म्हणजे छळातून सोडवून आणलेलं गाढव सुटकेच्या धक्क्यानंही मरू शकतं. सोडवणं आणि दत्तक देणं यांच्यामधला सांभाळ म्हणूनच इतका महत्त्वाचा.

या सांभाळाचं शास्त्र ज्यांनी बसवलं, त्यांत इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातली ‘द डाँकी सँक्चुअरी’ ही संस्था प्रमुख आहे. एलिझाबेथ स्वेंडसन या बाईंनी ती १९६९ साली काढली. १९७४ मध्ये एका वृद्ध प्राणिप्रेमी बाईंच्या मृत्युपत्रानं त्यांच्याकडे एकदम २०४ गाढवं आली! कुणाला वारसाहक्कानं वाडा मिळतो, कुणाला शेत; यांना ही खिल्लारं मिळाली. स्वेंडसनबाई २०११ साली वारल्या, पण काम चालू आहे.

नवं गाढव आलं की त्याला आधी इतरांपासून वेगळं ठेवायचं, कारण त्यानं रोग आणलेला असू शकतो. मग शेण तपासून जंतांचं औषध, धनुर्वाताची लस, दातांची तपासणी. नराचं खच्चीकरणही करतात. उपाशी जनावरापुढे एकदम खुराक ओतायचा नाही. थोडं थोडं, पुष्कळ वेळा द्यायचं. तिथल्या हिरव्यागार कुरणात गाढव उलट लठ्ठ होतं आणि त्याचे खूर सुजतात, म्हणून मुख्य चारा सातूचं काड.

आणि मग पाय. हयगय झालेले खूर जुन्या चढावासारखे वर वळलेले असतात. ते एका दिवसात तासून सरळ केले तर पायावर ताण येतो, म्हणून थोडे थोडे तासायचे. पुढेही दर सहा ते दहा आठवड्यांनी. पण ज्यानं माणसाचा हात फक्त मारापुरताच पाहिला, ते पाय धरू देईल कसं? सांभाळणारा आधी नुसता जवळ उभा राहतो. मग मानेवर हात, मग खांद्यावर, हळूहळू खाली. गाढवानं क्षणभर पाय उचलू दिला की लगेच खाली ठेवायचा. त्या दिवसाचा धडा संपला. घाई केली की आठवड्याची कमाई गेली.

दत्तक देताना एक नियम कडक पाळतात : गाढव एकटं द्यायचं नाही. दोन गाढवांची जोडी जमली की ती फोडणं जिवावर बेतू शकतं. जोडीतलं एक मेलं, तर दुसऱ्याला त्याच्या देहाजवळ थांबू देतात; ते आपणहून दूर होईपर्यंत देह हलवत नाहीत. नाहीतर मागे उरलेलं गाढव सोबत्याला शोधत राहतं आणि चारा सोडतं.

आपल्याकडे जेजुरीला पौष पौर्णिमेला अजूनही गाढवांचा बाजार भरतो. पण देशातली गाढवं २०१२ च्या पशुगणनेत सुमारे ३.२ लाख होती, ती २०१९ मध्ये सुमारे १.२ लाखांवर आली. माती आणि विटा वाहायला वाहनं आली, तसं ओझ्याचं काम गेलं आणि धन्याचं छप्परही गेलं.

तेव्हा दारी असं गाढव आलंच, तर एवढं करावं. जनावरांच्या डॉक्टरांना लगेच बोलवावं. सोबत दुसरं गाढव असेल तर त्याला हाकलू नये. आणि संध्याकाळी पेंढी मोजून पाहावी. गाढव तोंडानं सांगत नाही ते पेंढी सांगते. आम्ही त्या दिवशी ती पाहिली असती, तर मला हे सगळं पुस्तकातून शिकावं लागलं नसतं.