पैलवानकी सरते, वस्तादकी उरते

चैत्र लागला की आपल्या मावळात गावोगावच्या जत्रा सुरू होतात. नैवेद्य, पुरणपोळ्या आणि पाहुणेरावळे यांत आपण बायका बुडालेल्या असतो आणि दुपार कलली की पुरुषमंडळी आखाड्याकडे पळतात. लहानग्यांच्या रेवडीच्या कुस्तीपासून सुरुवात होते आणि दिवस मावळताना शेवटची मोठी कुस्ती लागते. जिंकलेल्या पैलवानाला फेटा बांधतात, खांद्यावर घेऊन नाचतात. पण कडेला उभा राहून घसा बसेपर्यंत ओरडणारा त्याचा वस्ताद कुणाच्या लक्षात राहतो? आज त्याच्याविषयीच बोलायचं आहे.

बचत गटाच्या निमित्ताने लोणावळा, कामशेत, वडगावच्या बाजूला जाणं होतं, तेव्हा एखादी आई हमखास विचारते, "ताई, पोरगं तालमीत जायचं म्हणतंय. दूध-तूप-बदाम कसंबसं करू हो, पण तिशीनंतर हा काय करणार?" प्रश्न अगदी रास्त आहे. पैलवानाचं मैदान फार लवकर संपतं. गुडघा, खांदा किंवा कान, काही ना काही दुखणं घेऊनच तो बाहेर पडतो. आणि पुढचं सगळं आयुष्य बाकी असतं.

खाशाबा जाधवांचं उदाहरण आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचा हा विद्यार्थी. त्याला हेलसिंकीला पाठवायला प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. १९५२ साली खाशाबांनी स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणलं. पुढे ते पोलीस खात्यात गेले. तिथे त्यांनी खेळाचं प्रशिक्षणही दिलं. पण निवृत्तीनंतर पेन्शनसाठी त्यांना झगडावं लागलं. अर्जुन पुरस्कार मिळाला तोही मृत्यूनंतर, २००० साली. पदक घरात असलं म्हणून म्हातारपण सुखाचं जातं असं नाही, हे यातून कळतं.

आता दुसरं आयुष्य बघू या. लातूर जिल्ह्यातल्या निलंगा तालुक्यातले हरिश्चंद्र बिराजदार. १९६९ साली ते महाराष्ट्र केसरी झाले. सत्तरच्या दशकात बेळगावच्या मैदानात त्यांनी दिल्लीच्या सत्पालला आस्मान दाखवलं. ती कुस्ती जुनी माणसं अजून रंगवून सांगतात. पण बिराजदार तिथेच थांबले नाहीत. लंगोट उतरवल्यावर ते पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत मुलं घडवायला लागले आणि सगळ्यांचे 'मामा' झाले. २००६ साली त्यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला. गंमत म्हणजे हरलेले सत्पालही पुढे गुरूच झाले. २००८ आणि २०१२ च्या ऑलिंपिकमध्ये पदकं आणणारा सुशील कुमार त्यांचाच चेला. मैदानात दोघांपैकी एकच जिंकला, वस्तादकीत मात्र दोघंही जिंकले!

मामांकडे बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे हा मुलगा आला. २०११ साली मामा गेले. पण त्यांचेच शिष्य, अर्जुन पुरस्कार मिळवलेले काका पवार यांनी राहुलला पुढे तयार केलं. २०१८ साली गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत राहुलने सुवर्णपदक जिंकलं आणि ते मामांना अर्पण केलं. तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. पुढच्याच वर्षी त्याने जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवलं. मामा जाऊन इतकी वर्षं झाली होती, तरी त्यांनी शिकवलेलं राहुलच्या अंगात होतंच की!

काका पवारांचं कुस्ती संकुल कात्रजला आहे. २०२० च्या महाराष्ट्र केसरीच्या अंतिम फेरीत हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके समोरासमोर आले, ते दोघंही काकांचेच पठ्ठे. हर्षवर्धन जिंकला आणि त्याने हरलेल्या शैलेशलाच खांद्यावर उचलून घेतलं. मैत्रिणींनो, हे वळण कोण लावतं? डाव शिकवता शिकवता वस्तादच लावतो.

म्हणून त्या आईला मी सांगते, तालीम निवडताना नुसती इमारत बघू नका, माणूस बघा. लाल माती उत्तमच. हळद, ताक, लिंबू, तेल घालून ती मऊ करतात. पण मोठ्या स्पर्धा मॅटवर होतात, तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांच्या. दोन्हींचा सराव आहे का, ते विचारा. वजन उतरवायला पोरांना उपाशी-तहानलेलं ठेवतात का? कुठल्या पावडरी, इंजेक्शनं देतात का? पोरगं जखमी झालं तर कोण बघतं? आणि वस्ताद अभ्यासाचं विचारतो का? कारण पुढे प्रशिक्षक व्हायचं तर शिक्षण लागतंच. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका किंवा शारीरिक शिक्षणाची पदवी असेल तर शाळा-कॉलेजात, क्रीडा संकुलात काम मिळण्याची वाट मोकळी होते. सुरुवात सहायक म्हणून, पुष्कळदा तुटपुंज्या मानधनावर होते, हेही खरं. पण तालमीत घालवलेली वर्षं वाया तर जात नाहीत!

हे मुलींनाही तितकंच लागू आहे. २०१६ साली साक्षी मलिकने ऑलिंपिक पदक आणलं. २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडीने गदा उचलली. पण त्याच वर्षाच्या सुरुवातीला नामवंत महिला पैलवानांना लैंगिक छळाच्या तक्रारी घेऊन दिल्लीत जंतरमंतरवर बसावं लागलं, हे विसरून कसं चालेल? मुलगी तालमीत, शिबिराला जाते तेव्हा तिच्याबरोबर एक जाणती बाई असायला हवी. आज मॅटवर उतरलेल्या मुलीच उद्या प्रशिक्षक झाल्या, तर आयांचा अर्धा घोर मिटेल.

खेड, मुळशी, मावळ हा सगळा पैलवानांचा मुलूख. आपल्या गावात मैदान सोडलेले कितीतरी पैलवान आहेत. कुणी गाडी चालवतो, कुणी शेती बघतो. त्यांच्या अंगात मुरलेली विद्या तशीच पडून आहे. ग्रामसभेत तालमीच्या दुरुस्तीचा विषय निघतो, तेव्हा शिकवणाऱ्याच्या मानधनाचा विषयही आपण बायकांनी काढायला हवा. आखाड्यात आपली पोरं लढणार आहेत, तर त्यांना घडवणाऱ्याच्या चुलीची काळजी गावाने नको का करायला?