वाटा कुणाचा, किती? (लेखांक 7) : कोकोची बी, उसाचं टिपरू आणि खर्ड्याचा उडीद

खर्ड्याची 1795 ची लढाई झाली ती थकलेल्या चौथाई-सरदेशमुखीच्या हिशोबापायी. निजामाकडून येणं किती, यावर पुण्याच्या आणि हैदराबादच्या मुत्सद्द्यांनी वर्षानुवर्षं कागद रंगवले. ज्या रयतेच्या पिकातून हा पैसा यायचा, तिला त्या हिशोबात कुणी धरलं नव्हतं. आज हे आठवायचं कारण चॉकलेट.

जगातला निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोनच देशांत पिकतो. तिथला शेतकरी फळ फोडतो, गरासकट बियांचा ढीग केळीच्या पानांखाली झाकून पाच-सहा दिवस आंबवतो, मग उन्हात वाळवतो. आंबवण्यात घाई झाली तर बी तुरट राहते आणि पुढे कितीही भारी कारखाना असला तरी तिला चॉकलेटची चव येत नाही. म्हणजे चवीचं मोठं काम शेतकऱ्याच्या अंगणातच उरकतं. तरीही दुकानातल्या किमतीतले सहा-सात टक्केच त्याच्या हाती पडतात, असा सर्वसाधारण अंदाज आहे.

भाव चढला की त्याचंही भलं होईल, असं आपल्याला वाटतं. डिसेंबर 2024 मध्ये न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात कोको टनाला 12 हजार डॉलरच्या वर गेला. आयव्हरी कोस्टने त्या हंगामासाठी शेतकऱ्याला बांधून दिलेला भाव होता किलोला 1800 फ्रँक, म्हणजे टनाला सुमारे 3 हजार डॉलर. इथेही चौथाईच! पिकाचा बराच भाग आधीच्या भावाने आगाऊ विकलेला होता. तेजी परस्पर वरच्यावर गेली.

घानात कुआपा कोकू या शेतकरी संघाने वेगळी वाट धरली. 1998 मध्ये लंडनला चॉकलेट कंपनी निघाली, तिच्या भागधारकांत हे शेतकरीही होते. पुढे 2020 मध्ये तिची बहुतांश मालकी एका जर्मन कारखान्याकडे गेली आणि संघाचा हिस्सा घटला. धंद्यात भांडवल कमी पडलं की मालकी अशी निसटते; हा अनुभव आपल्याकडच्या सहकाराला नवा नाही.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याने तर हा प्रयोग आधीच केला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने 1950 मध्ये प्रवरेचा कारखाना सुरू झाला आणि ऊसवाला कारखान्याचा मालक झाला. रंगराजन समितीच्या शिफारशीनंतर 2013 च्या राज्याच्या कायद्याने वाटणीचं सूत्रही घातलं : साखर आणि प्राथमिक उपपदार्थांच्या उत्पन्नातले 70 टक्के, किंवा नुसत्या साखरेच्या उत्पन्नातले 75 टक्के उसाला. हे सूत्र एफआरपीपेक्षा, म्हणजे केंद्राने उसाला ठरवून दिलेल्या किमान भावापेक्षा, जास्त निघालं, तर वरचा फरक हंगामानंतर द्यायचा. कोकोवाल्याला असं कलम स्वप्नातही दिसत नसेल.

सूत्राला भोकं आहेतच. मळीचा भाव धरला जातो, पण तिच्यापासून झालेल्या इथेनॉलचा नफा उसाच्या वाट्यात थेट येत नाही. तोडणी-वाहतूक तर उसाच्याच बिलातून कापली जाते, आणि ती तोडणी करायला जातात आपल्याच जामखेड, पाथर्डी, बीडकडची माणसं. त्यांच्या वाट्याचं पुढच्या आठवड्यात बघू. पण भोकं असलेलं का होईना, सूत्र आहे. त्यावर भांडता तरी येतं.

बालाघाटाच्या कडेवरच्या खर्ड्यात ऊस थोडाच. इथली पिकं ज्वारी, तूर, उडीद. उडदाला हमीभाव जाहीर होतो. पण माल काट्यावर चढला, पट्टी हातात पडली की शेतकऱ्याचा संबंध संपला. त्याच उडदाची पुढे डाळ होते, पापड होतात, आणि त्या पैशात त्याला कवडीचा हक्क नसतो. कोकोवाल्याची आणि खर्डेकराची गत इथे एकच आहे.

म्हणून या भागातल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांना एकच सांगणं आहे. डाळमिलशी करार करताना आजच्या भावावर सही करून मोकळे होऊ नका. डाळ विकून आल्यावर हिशोब दाखवायचा आणि फरक द्यायचा, असं कलम करारात घाला. मिलवाला कां-कूं करील. तेव्हा उसाचा कायदा त्याच्यापुढे ठेवा.